मोहिते सिस्टरांची दुसरी पसंती

मोहिते सिस्टरांना "काय घेणार?" असं विचारलं की त्या म्हणत, "चहा. आणि चहा करायचा कंटाळा आला असेल तर ताक." आपण अजून किचनकडे वळलेलोही नसायचो, तोवर त्यांची दुसरी पसंती सांगून झालेली असायची.

समोरच्याकडूनही त्यांची तीच अपेक्षा असे. एकदा माझा नवरा, संदीप, ऐटीत म्हणाला, "सिस्टर, यंदा सुट्टीत काश्मीर."

"बरं. आणि रजा मंजूर झाली न्हाई तर?"

"तर मग गाडीने ओमानचं सलाला."

"तेबी न्हाई जमलं तर?"

"तर इथेच, जेबेल हफीतच्या डोंगरावर बसून भजी खाऊ."

"हां! मग भजी कधी ते सांगा, मी येते." असं म्हणून त्या उठल्या. त्या वर्षी आम्ही खरोखरच डोंगरावर बसून भजी खाल्ली, आणि पीठ सिस्टरांनी भिजवून आणलं होतं.

"माणूस पहिलं उत्तर ऐटीत देतंय, वृंदा," त्या मला म्हणत. "दुसरं खरं असतंय."

सिस्टर तासगावकडच्या. अमिरातीतल्या अल ऐनमधल्या एका हॉस्पिटलात त्या ऑपरेशन थिएटरच्या इन्चार्ज होत्या आणि आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहत. नवरा लवकर गेला, मुलगा पुण्यात नोकरीला. उंच, हाडापेराने मजबूत बाई. पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, मनगटावर पुरुषी मोठं घड्याळ आणि आवाज असा, की लिफ्ट तळमजल्यावर असतानाच आम्हाला कळायचं, सिस्टर ड्यूटीवरून आल्या. वीस-बावीस वर्षं इथे काढून भाषेची मस्त मिसळ झाली होती. केरळच्या नर्सेसशी हिंदीत, डॉक्टरांशी इंग्रजीत, आमच्याशी तासगावी मराठीत, आणि घाई झाली की सगळ्यांनाच अरबीत "यल्ला, यल्ला!"

त्यांचा तो पसंतीचा नाद नुसता बोलण्यातला नाही, हे मला कळलं ते माझ्या मुलीच्या, ईराच्या, आठव्या वाढदिवसाला. आमचा फ्रीझर लहान, त्यामुळे आइस्क्रीमचा एकच मोठा डबा आणायचा होता. कुठला, यावर मुलांनी घर डोक्यावर घेतलं. मी हात वर करायला सांगितलं. पाच चॉकलेट, चार मँगो, तीन पिस्ता.

"चॉकलेट विन्स!" पाच जण ओरडले. बाकीच्यांची तोंडं पडली.

सिस्टर सोफ्यावरून उठल्या. "थांबा. पाच म्हणजे बारातले निम्मेसुद्धा न्हाईत. पिस्तावाल्यांनो, इकडं या. पिस्ता तर हरला. मग आता तुम्हाला काय पाहिजे, चॉकलेट का मँगो?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "मँगो."

"मग मँगो झाले सात. खलास. आणा मँगो."

"बट मावशी, चॉकलेट वॉज विनिंग!" ईरा कळवळून म्हणाली. ती चॉकलेटवाली होती.

"पुढं होतं, बाळा. पुढं असणं वेगळं आणि जिंकणं वेगळं."

मुलं खाऊन पांगल्यावर मी विचारलं, हे तुम्हाला सुचलं कसं? त्यांचे डोळे चमकले. त्यांचे थोरले भाऊ गावाकडे हायस्कूलला मास्तर होते. शिक्षक मतदारसंघाच्या निवडणुकीत ते हिरिरीने भाग घेत. "तिथं शिक्का मारत न्हाईत. नावापुढं आकडे लिहायचे. एक, दोन, तीन. तुमचा पहिला माणूस बाद झाला की तुमची चिठ्ठी तुमच्या दुसऱ्याकडं जाते. दादा मोजणीला जायचा आणि घरी येऊन जेवता जेवता सांगायचा, पहिल्या फेरीत पुढं असलेला गडी शेवटी कसा पडला. आम्ही पोरी ताटात हात तसाच ठेवून ऐकायचो. गोष्टीसारखं." मग पदराने घाम पुसून म्हणाल्या, "मला वाटायचं, आपल्या ग्रामपंचायतीला, नगरपालिकेला का नसतं हे? दादाला इचारलं तर म्हणायचा, लोकांनी मागितलं न्हाई म्हणून."

मागायची वेळ इथे, अल ऐनमध्ये आली.

आमचं महाराष्ट्र मंडळ छोटं. भारतीयांच्या एका सेंटरच्या छत्राखाली चालणारं, वर्गणी भरली की सभासद. पुण्या-मुंबईची नोकरदार कुटुंबं आणि सनैय्याच्या, म्हणजे इथल्या औद्योगिक भागातल्या, कामगारांच्या कॅम्पात राहणारी कोकणातली, साताऱ्याकडची एकटी माणसं. गणपती, हळदीकुंकू, शनिवारचा मुलांचा मराठीचा वर्ग. त्या वर्षी अध्यक्षपदाला तिघे उभे राहिले. बर्वे म्हणून एक इंजिनिअर होते, ते निवडून आले. पण मतं मिळाली एक तृतीयांशाहून जेमतेम जास्त. बाकीच्या दोघांच्या माणसांनी तिथेच आवाज चढवला. "दोन तृतीयांश लोकांना नको असलेला अध्यक्ष!" आणि अर्धा हॉल उठून गेला.

मग जे व्हायचं ते झालं. जुनं मंडळ आणि नवं मंडळ. दोन गणपती, एकाच दिवशी, दोन हॉलमध्ये. मोदक मात्र दोन्हीकडे एकाच केटररचे. मराठीचा वर्ग बंद पडला, कारण पुस्तकं एका गटातल्या घरी आणि शिकवणाऱ्या बाई दुसऱ्या गटात. ईरा शनिवारी टीव्हीसमोर बसायला लागली आणि मी मराठीत विचारलं तरी "व्हॉटेव्हर, आई" म्हणायला लागली.

सिस्टर या सगळ्यापासून चार हात लांब होत्या. "मला थिएटर पुरे आहे," म्हणायच्या. पण मग महेश पडला.

महेश लांज्याचा, स्कॅफोल्डिंगचं काम करणारा. परांचीवरून पाय निसटून खाली आला आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. मराठी पोरगं म्हणून सिस्टर रोज ड्यूटी संपली की वॉर्डात त्याच्याकडे डोकावत. एका संध्याकाळी त्या गेल्या तेव्हा त्याच्या पलंगाच्या एका बाजूला जुनं मंडळ आणि दुसऱ्या बाजूला नवं मंडळ उभं होतं. दोन्हीकडे फळांच्या टोपल्या, दोन्हीकडे फोटोसाठी मोबाइल वर. आणि महेश कुणाचा सभासद, यावर त्याच्या डोक्यावरून वाद चाललेला. बर्वे म्हणत होते, त्याने वर्गणी आमच्याकडे भरलीय. पलीकडचे म्हणत होते, गणपतीला तो आमच्याकडे आला होता.

महेशने लटकावलेल्या पायाकडे बघत विचारलं, "सिस्टर, मी नक्की कुठल्या मंडळाचा हो?"

सिस्टरांनी दोन्ही टोपल्या उचलल्या. एक शेजारच्या पेशावरच्या पेशंटला दिली, एक सफाईवाल्या मुलाच्या हातात ठेवली. मग घड्याळ पुढे केलं. "व्हिजिटिंग अवर खलास. फोटो माझ्याबरोबर काढायचाय का? न्हाई? मग यल्ला."

तासाभराने आमची बेल वाजली. सिस्टर दारात, युनिफॉर्मवरच. "वृंदा, त्या पोराने मला विचारलं आणि मला उत्तर देता आलं न्हाई," त्या म्हणाल्या. "आता गप बसायचं न्हाई. चल, बर्व्यांकडं जायचंय."

"आत्ता?"

"आत्ता. न्हाई जमलं तर उद्या. पण उद्या माझा राग उतरलेला असंल, म्हणून आत्ता."

बर्वे काही वाईट माणूस नव्हता. मंडळासाठी खस्ता खाणारा, नियमावर बोट ठेवणारा, जरा ताठ. सिस्टरांचं सगळं ऐकून ते दुखावल्या आवाजात म्हणाले, "म्हणजे मी निवडून यायला नको होतं, असं तुमचं म्हणणं आहे का?"

"तसं न्हाई हो. तुम्ही किती जणांना आवडता ते मोजलं. किती जणांना चालता ते कुणी मोजलंच न्हाई. कुणी सांगावं, चालतही असाल!"

आतून बर्वे वहिनी चहा घेऊन येत होत्या. "मला विचाराल तर चालतात," त्या म्हणाल्या. "आवडण्याचं पुढच्या फेरीत बघू."

बर्वे आधी रागावले आणि मग हसले. मला वाटतं, मंडळ जोडलं जायला सुरुवात त्या हसण्यापासून झाली.

सिस्टरांनी दोन्ही गटांतल्या एकेकाला फोन केले. ड्यूटी सांभाळून, गाडी चालवताना स्पीकरवर, भाजी चिरताना. मी आणि ईरा त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीत मागे-पुढे बसून किती घरं हिंडलो, सांगता येत नाही. ईराला तर वेडच लागलं. "मावशी, सांग ना, पुढे कुठे?" म्हणून ती आपण होऊन मराठीत विचारायला लागली. सगळीकडे सिस्टरांचं एकच सांगणं: एकत्र या, पुन्हा निवडणूक घेऊ, पण या वेळी आकड्यांनी. निम्म्याहून जास्त कुणालाच नसतील, तर सगळ्यात मागचा बाद, आणि त्याच्या चिठ्ठ्या दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटायच्या.

सर्वसाधारण सभेला हॉल भरला. वर्षभर एकमेकांकडे न बघितलेली माणसं दोन बाजूंना बसली, मध्ये खुर्च्यांची एक रिकामी ओळ. सिस्टर सरळ त्या रिकाम्या ओळीत जाऊन बसल्या. त्यांनी ठराव मांडल्यावर पहिला आक्षेप आला तो असा: "हे आपल्याला ठीक आहे हो, सिस्टर. पण साइटवरच्या पोरांना हे असलं अवघड कसं कळणार?"

"तुम्हाला कळलं?" सिस्टरांनी विचारलं.

"हो, म्हणजे... साधारण."

"मग त्यांना मी समजावते. तुम्हाला 'साधारण' कळलंय ते कुणाकडून समजून घ्यायचं, ते तुम्ही ठरवा."

हॉल हसला. हात वर करून ठराव झाला. सगळ्यात शेवटी, जरा वेळ घेऊन, बर्व्यांचा हात वर गेला, आणि कुणीतरी टाळी वाजवली ती मग थांबेचना.

रविवारी आम्ही कॅम्पात गेलो. सिस्टरांनी मोठ्या थर्मासातून चहा नेला होता. पत्र्याच्या शेडखाली पन्नासेक माणसं बसली. कुबड्यांवर महेशही आला होता. सिस्टरांनी आइस्क्रीमचा किस्सा सांगितला, फक्त आइस्क्रीमच्या जागी सुरमई, पापलेट आणि बांगडा घातले. कोकणातली माणसं एकदम सावरून बसली.

"सिस्टर," एकाने विचारलं, "दुसरा आकडा घातला तर आमच्या पहिल्याचं मत कमी होतं काय?"

"न्हाई. तुझा पहिला शर्यतीत आहे तोवर तुझी चिठ्ठी त्याच्याच गठ्ठ्यात. तो पडला, तरच दुसऱ्याकडं बघायचं."

"आणि आमका दुसरो कोण नकोच असलो तर?"

"मग लिहू नको. एकावर थांब. जबरदस्ती न्हाई."

"आणि सगळेच नको असले तर?"

"तर तू उभा राहा की, बाबा!" सिस्टर म्हणाल्या, आणि शेडखाली असा हशा पिकला की पलीकडच्या खोलीतले पठाण डोकावून गेले.

तिथेच महेश म्हणाला, "सिस्टर, तुम्हीच उभ्या राहा ना." आणि बाकीच्यांनी उचलून धरलं.

मला वाटलं, त्या उडवून लावतील. परतताना त्या गाडी चालवत होत्या. दोन्ही बाजूंना खजुराची झाडं, समोर गोल चौक. मग म्हणाल्या, "वृंदा, मला व्हायचंय अध्यक्ष. खोटं कशाला बोलू? आयुष्यभर दुसऱ्याच्या हातात सुरी दिली. एकदा वाटतंय, आपणही काहीतरी करून बघावं."

उमेदवार तीन झाले. बर्वे, सिस्टर आणि दिलीप सावंत. सावंत मालवणकडचे, शाळांच्या बस चालवणाऱ्या एका कंपनीत मॅनेजर. गोरगरिबाला गाडी हवी असली तर सावंतांना फोन, कुणाची आई एअरपोर्टवर एकटी उतरली तर सावंतांना फोन. भांडणाच्या वर्षात त्यांनी दोन्ही गणपतींना बस पुरवल्या होत्या आणि दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

मतदानाच्या दिवशी सिस्टर निळी इरकल नेसून आल्या. पायात मात्र तेच स्पोर्ट्स शूज. सनैय्याची बस सावंतांनीच सोडली. माणसं चिठ्ठीवर वाकून आकडे लिहीत होती, हळूच एकमेकांना विचारत होती, "तुझा दुसरा कोण?" नवरा-बायकोंत वाद चाललेले. एका आजोबांनी तर चिठ्ठी परत मागितली, "दोन आणि तीनची अदलाबदल करायचीय" म्हणून. गेल्या वर्षी ह्याच हॉलमध्ये माणसं एकमेकांवर बोटं रोखत होती. आता जो तो, आपला माणूस सोडून दुसरं कोण बरं, याचा विचार करत होता.

मोजणीला सेंटरचे अकाउंटंट जोसेफ बसले. केरळचे, मराठीचा गंध नाही. म्हणूनच सगळ्यांना चालणारे. टेबलावर तीन गठ्ठे वाढत गेले. माणसं खुर्च्यांवर उभी राहून बघत होती. पहिली फेरी संपली. सिस्टर अठ्ठावन्न, सावंत एकोणपन्नास, बर्वे एक्केचाळीस.

"जिंकल्या! सिस्टर जिंकल्या!" कॅम्पातली पोरं ओरडली. कुणीतरी ढोलावर थाप मारली. मागून कुणी म्हणालं, "अहो, झालं की, आता कशाला ताणायचं? पुढे आहेत, घोषित करा." बर्व्यांच्या बाजूचेही दोघे-तिघे "ठीक आहे, संपवा" म्हणाले. उशीर झाला होता, मुलं पेंगुळली होती.

जोसेफनी चष्म्यावरून सिस्टरांकडे बघितलं. "मॅडम, खतम करें?"

मी सिस्टरांच्या शेजारी होते. त्यांची नजर बर्व्यांच्या गठ्ठ्यावर होती. बर्व्यांच्या माणसांना सिस्टरांनी वॉर्डातल्या त्या संध्याकाळपासून चारचौघांत काय काय सुनावलं होतं, ते त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. ती एक्केचाळीस माणसं आपल्या नावापुढे दोन लिहिणार नाहीत, हेही. त्यांनी पदर मुठीत गच्च धरला होता.

"खतम कैसे?" त्या म्हणाल्या. "आधे से ज्यादा किसी को नहीं मिला. गिनो, जोसेफभाई. आगे गिनो."

बर्व्यांच्या चिठ्ठ्या एकेक करून उघडल्या गेल्या. सावंत. सावंत. सिस्टर. सावंत. दोघांनी दुसरी पसंती लिहिलीच नव्हती. मग सावंतांचा गठ्ठा सिस्टरांच्या बरोबरीला आला आणि पुढे गेला. शेवटी सावंत एकोणऐंशी, सिस्टर सदुसष्ट.

सावंत गोरेमोरे झाले होते. सिस्टर उठल्या आणि बाहेर गेल्या. मी मागे गेले. पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटला टेकून त्या उभ्या होत्या, डोळे पुसत.

"हरले की गं मी," त्या म्हणाल्या. "लई वाटलं होतं मला."

मी त्यांचा हात धरला.

आतून आवाज येत होते. खुर्च्या सरकवल्याचे, कुणाच्या तरी हसण्याचे, ईराच्या "आई कुठे आहे?"चे. सिस्टर कान देऊन ऐकत राहिल्या. मग एकदम ताठ झाल्या.

"वृंदा! बाहेर कोण आलं?"

"कोणीच नाही."

"कुणीच न्हाई!" त्यांनी माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. "अगं, कुणी उठून गेलं न्हाई! एकबी माणूस न्हाई गेलं!" आणि त्या बुटांनिशी धावतच आत गेल्या.

मी पोचेपर्यंत त्यांनी सावंतांना स्टेजवर ढकललं होतं. बर्वे पुढे येऊन म्हणाले, "सिस्टर, मी पडलो, पण ठरवलं शेवटी माझ्या माणसांनीच." "ठरवलं की! आणि माझ्या विरुद्ध ठरवलं, लबाडांनो!" असं म्हणत सिस्टरांनी त्यांच्या पाठीत दणका घातला. ढोल वाजायला लागला तो सेंटरच्या वॉचमनने येऊन बंद करेपर्यंत.

त्या सप्टेंबरात एकच गणपती बसला. सिस्टर कमिटीत नव्हत्या, पण प्रत्येक मीटिंगमध्ये मागून त्यांचा आवाज यायचा. शनिवारचा वर्ग सुरू झाला. सावंत कुठलाही निर्णय घ्यायच्या आधी हळूच विचारायचे, "सिस्टर, तुमचं काय म्हणणं?" आणि त्या म्हणायच्या, "अध्यक्ष तुम्ही. पण विचारताय म्हणून सांगते."

पुढच्या हिवाळ्यात त्या निवृत्त झाल्या. दुबईच्या एअरपोर्टवर सोडायला कुणी जायचं, यावर चढाओढ लागली. बर्व्यांनी आपली मोठी गाडी धुऊन-पुसून सकाळी आमच्या बिल्डिंगखाली आणून उभी केली. पण कॅम्पातले सहा-सात जण त्याच दिवशी रजेवर गावी निघाले होते, महेशही होता, आणि कंपनीची मिनीबस त्यांना घेऊन चालली होती. सिस्टरांनी बर्व्यांच्या गाडीकडे बघितलं, मिनीबसकडे बघितलं, आणि मिनीबसमध्ये चढल्या. बर्व्यांनी मुकाट्याने त्यांच्या बॅगा टपावर चढवून बांधल्या.

आम्ही सगळे चौकाच्या कडेला हात हलवत उभे राहिलो. बस चौकात शिरली आणि ड्रायव्हरची वाट चुकली असावी, कारण ती तशीच पूर्ण गोल फिरून पुन्हा आमच्यासमोर आली. ईरा ओरडली, "मावशी! मावशी!" खिडकीतून सगळं लख्ख दिसलं. सिस्टर सीटवर बसल्याच नव्हत्या. मधल्या वाटेत, एका हाताने वरचा दांडा धरून उभ्या होत्या आणि दुसरा हात नाचवत काहीतरी भरभर सांगत होत्या. सगळी माणसं माना वळवून त्यांच्याकडे बघत होती, महेश तर हसून हसून पुढे वाकला होता. आम्ही दुसऱ्यांदा जोरात हात हलवले. त्यांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं.